गोडी येईपर्यंत

नाचणकर सर नव्या माणसाला नाव विचारत नसत. "जीभ दाखवा," म्हणत.

रत्नागिरीच्या हायस्कुलात मी शिक्षक म्हणून रुजू झालो त्या सकाळी मला हे ठाऊक नव्हतं. अंगात नवा टेरिकॉटचा शर्ट, हातात बी.एस्सी.चं सर्टिफिकेट आणि घशाला कोरड अशा अवस्थेत मी शिक्षकांच्या खोलीशी पोचलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या खोलीत शिरताना मी देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढल्या होत्या. कोपऱ्यातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उठले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "जीभ दाखवा."

वरिष्ठ माणूस सांगतोय म्हणून मी दाखवली.

"कोरडी. घाबरलात. माणूस घाबरला की आधी लाळ पळते आणि तिच्या मागोमाग अक्कल. हे घ्या." त्यांनी खिशातून एक चपटी डबी काढली आणि आमसुलाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "चावू नका. गालात धरा. हं, आता नाव सांगा."

"दत्ताराम पाष्टे," मी म्हणालो, आणि खरोखरच आवाज मोकळा झाला.

"बघा!" सर खोलीतल्या बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "दोन्ही कानांखाली, जबड्याखाली, जिभेखाली, सगळीकडचे नळ सुटले याचे!" बाकीच्यांनी वह्यांतून मान वर केली नाही. त्यांचे नळ पूर्वीच तपासून झाले होते.

सरांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. शिपाई, पोस्टमन, एस.टी.चा कंडक्टर, मुलाची तक्रार घेऊन आलेला बाप, सगळ्यांनी सरांना जीभ दाखवलेली होती. आमच्या मुख्याध्यापकांनी तर एकदा कंटाळून, सर व्हरांड्यातून येताना दिसताच, त्यांनी विचारायच्या आत आपणहून लांबलचक जीभ बाहेर काढली. सरांच्या मागून संस्थेचे अध्यक्ष येत होते हे त्यांना दिसलं नाही. पुढे पुष्कळ दिवस अध्यक्ष मुख्याध्यापकांशी जरा जपूनच बोलत.

सरांचा विषय जीवशास्त्र, आणि जीवशास्त्रातला त्यांचा धडा एकच : पचनसंस्था. बाकीचे धडे ते शिकवत, पण पाहुण्यांच्या मुलांना खाऊ द्यावा तसे. पचनसंस्था आली की सरांच्या अंगात यायचं.

"तोंड म्हणजे मिरकरवाडा!" ते टेबलावर थाप मारून म्हणत. "माल पहिला उतरतो तो इथे. बंदरावरच निवडायचा, धुवायचा, बर्फ मारायचा. इथे कामचुकारपणा केलात आणि तसाच ट्रकात भरलात, तर कोल्हापूरला पोचेपर्यंत काय होईल?"

"वास मारील!" वर्ग ओरडायचा. निम्मी मुलं मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरचीच होती.

"तेच तुमच्या पोटात होतं. लाळ म्हणजे तो बर्फ."

"पण सर, बर्फाला पैसे पडतात," एक पोरगा एकदा म्हणाला.

"आणि लाळ फुकट मिळते, म्हणून तुम्हाला तिची किंमत नाही," सर म्हणाले. हे मात्र त्यांनी टेबलावर थाप न मारता म्हटलं.

मग घासाचा पुढचा प्रवास. अन्ननलिका म्हणजे आंब्याची पेटी वरून खाली सोडायची उतरण. जठर म्हणजे आम्लाने भरलेला रांजण. आणि लहान आतडं. "नाव लहान. लांबी बघाल तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सगळं पचवायचं, सगळं रक्तात पोचवायचं ते ह्याने, आणि मोठं म्हणायचं दुसऱ्याला. आमच्या स्टाफरूमसारखं." शेजारच्या वर्गात शिकवत असलेल्या मला हे भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि माझीच मुलं हसायची.

या सगळ्याचा कळस म्हणजे भाताचा प्रयोग. डब्यातला कोरडा भात, नुसता, मीठही नाही. प्रत्येकाने चिमूटभर तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि चावत राहायचं. लाळेतलं विकर पिठूळ पदार्थाची साखर करतं, म्हणून चावता चावता बेचव भात हळूहळू गोड लागायला लागतो. ती गोडी आली की हात वर करायचा. कुणी आकडा मोजायला लागलं तर सर खवळत. "मोजून चावायला ते काय रेशनचं दुकान आहे? गोडी येईपर्यंत चावायचं! आणि मी सांगेपर्यंत गिळायचं नाही!"

तपासणीला आलेले साहेब नेमके अशाच वेळी वर्गात शिरले. पन्नासेक मुलं डोळे मिटून रवंथ करतायत आणि शिक्षक बाकांमधून फिरत दबक्या आवाजात "आली का? आली का गोडी?" विचारतायत, हे दृश्य त्यांनी आपल्या नोकरीत पाहिलं नसावं. साहेबांनी "हे काय चाललंय?" असं विचारायला तोंड उघडलं. सरांच्या दृष्टीने तोंड उघडलं एवढंच महत्त्वाचं. त्यांनी चिमूटभर भात आत सोडला.

"गिळायचं नाही," सर म्हणाले.

मुख्याध्यापक दारात घामाने थबथबले होते. साहेब चावत राहिले. मग साहेबांनी डोळे मिटलेलेच ठेवून हळूच हात वर केला. आमच्या शाळेचा शेरा त्या वर्षी फार चांगला आला.

मला राहायला जागा मिळेना तेव्हा सरांनीच त्यांच्या घराच्या मागच्या पडवीतली खोली दिली आणि जेवायलाही घरात बसवलं. भाडं ठरवायचा विषय काढला की ते माझी जीभ बघायला मागत, त्यामुळे तो विषय मी काढेनासा झालो. घरात सर, काकी आणि त्यांची मुलगी नंदा. सर जितके उंच आणि बोलके तितक्याच काकी बुटक्या आणि मितभाषी. पण त्या दोन शब्द बोलल्या की सरांची दोन वाक्यं कापली जात.

या घरातली एक रीत मला पहिल्याच दिवशी वेगळी वाटली. आमच्या गावी आधी पुरुष जेवत, मग बायका. इथे सगळे एकाच पंगतीला, काकीसुद्धा. आणि पंगतीतला शेवटचा माणूस उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा नियम. लग्नकार्यात हे ठीक. रोजच्या आमटीभाताला म्हणजे जरा जडच.

त्यात मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे जेवण हे दोन कामांच्या मध्ये उरकायचं काम. "जेव बेगीन, जोत थांबलाय," हे ऐकतच मी वाढलो. सरांकडे पहिल्या दिवशी माझं ताट रिकामं झालं तेव्हा सरांचा दुसरा घास तोंडात होता. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी ताटासकट गिळलं की काय अशी मलाच शंका आली.

"पाष्टे, कुठे आग लागलीय?"

"नाही सर."

"मग बंब कशाला सोडलात?"

काकी हसल्या. त्यांच्या ताटाशेजारी ताकाचं मोठं भांडं असे. एक लहानसा घास, वर ताकाचा घोट, मग पुन्हा घास. सगळ्यांत शेवटी त्यांचं जेवण व्हायचं. नवऱ्याच्या नियमापुढे बिचाऱ्या किती नमतात, असं मला वाटायचं. आम्ही हात वाळवत बसायचो आणि सर शांतपणे शेवटचा भात चावत असायचे. काकींनी ताटाला नमस्कार केला की सरांचाही शेवटचा घास नेमका संपायचा.

वर्षभरात मीही तसाच जेवू लागलो. दिवाळीला गावी गेलो तर आई धास्तावली. "भाजी बिघडली काय रं?" वडील मुंबईच्या नोकरीतून सुट्टीवर आले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तसा काय नाय. मास्तर झाला ना, आता दातांनापन नोकरी लावलीन." पण खरं सांगतो, आईच्या हातच्या नाचणीच्या भाकरीलाही गोडी असते, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

मग नंदाचं लग्न ठरलं. मुलाकडचे मूळचे इकडचेच, पण दोन पिढ्या कोल्हापुरात. सासूबाई मोठ्या दिलखुलास. साखरपुड्यालाच त्यांनी जाहीर करून टाकलं, "विहिणीच्या पंगतीला मी एकटी न्हाई बसनार. विहीणबाई माझ्या शेजारी पायजेत, आनि त्यांना पैला घास मी भरवनार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकीही हसल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

लग्नाच्या आठवड्यात एकदा काकी मागल्या अंगणात वाळत घातलेली आमसुलं परतत होत्या. मला हाक मारली. "दत्ता, एक काम करशील?"

"सांगा की काकी."

"लग्नात हे लाळेवर बोलणार नाहीत एवढं बघ."

मी मोठ्याने हसलो. काकी हसल्या नाहीत. त्या आमसुलं परतत राहिल्या आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या तोंडात लाळच नव्हती. काही वर्षांपूर्वी हळूहळू सुकत गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. लाळेच्या गाठी आटतात, डोळ्यांतलं पाणी आटतं, औषध असं नाही. "कोरडा घास तोंडात वाळूसारखा फिरतो बघ. ताकाशिवाय खाली उतरत नाही. आंबट धरलं गालात तर थोडं बरं वाटतं, एवढंच."

मला सरांच्या खिशातली डबी आठवली.

"तिकडच्यांना ठाऊक नाही?"

"नंदाने जावयांना सांगितलंय. विहीणबाईंनाही मी सांगेन, निवांत, माझ्या तोंडाने. पण भर पंगतीत नको रे. माझा घास अडकायचा, सगळ्या बायका बघायच्या, लग्नाच्या दिवशी लेकीच्या सासरी हाच विषय. आधीच पाठवणीला डोळ्यांत पाणी येणार नाही माझ्या, काय कठोर आई म्हणतील. त्यात यांनी लाळ काढली की सगळ्यांची नजर तोंडाकडे. तू यांना धरून ठेव."

"काकी, शब्द दिला," मी म्हणालो. आयुष्यात माझ्यावर याआधी कुणी एवढी मोठी जबाबदारी टाकली नव्हती.

लग्नाच्या दिवशी मी सरांच्या सावलीसारखा फिरलो. आंबा घाट उतरून आलेलं वऱ्हाड गाडी लागल्याने हिरवंपिवळं होऊन उतरलं. पचनसंस्था अशी उघड्यावर आलेली पाहूनही सर काही बोलले नाहीत. सकाळपासून त्यांनी एकही जीभ पाहिली नव्हती. भटजींनी मंत्र म्हणता म्हणता पाणी मागितलं तेव्हा सरांचा हात खिशातल्या डबीकडे गेला. मी खाकरलो. हात परत आला.

अंगणातल्या मांडवात विहिणीची पंगत बसली. रांगोळ्या, उदबत्त्या, मधोमध विहीणबाई आणि शेजारी काकी. काकींच्या पानाशी मी आधीच सोलकढीचं मोठं भांडं ठेवून आलो होतो. सर तुपाचं भांडं घेऊन वाढत होते आणि मी त्यांच्या मागे, लागलंच तर हात धरता यावा एवढ्या अंतरावर.

सुरुवात छान झाली. काकी पातळ वरणभात थोडा थोडा घेत होत्या. तेवढ्यात विहीणबाईंनी बुंदीचा लाडू उचलला, मोडला आणि चांगला अर्धा लाडू काकींच्या तोंडात घातला. आचाऱ्याने लाडू दोन दिवस आधी वळले होते. दगड झाले होते नुसते.

"आता नाव घ्या, विहीणबाई!"

"नाव घ्या, नाव घ्या!" बायकांनी गलका केला.

काकींचा हात सोलकढीकडे गेला. विहीणबाईंनी हसत हसत त्यांचं मनगटच धरलं. "पानी न्हाई हं! आदी नाव!"

काकींचे गाल हलले आणि थांबले. सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला पुढे व्हायचं होतं, पण बायकांच्या पंगतीत काय सांगून पुढे होणार?

"थांबा!" माझ्या कानाजवळ आरोळी उठली. "कुणीही गिळायचं नाही!"

मी सरांचा सदरा धरला. माझ्या हातात त्याची एक गुंडी आली. सर तुपाच्या भांड्यासकट शेजारच्या बाकावर उभे राहिले होते.

"बंधूंनो आणि भगिनींनो! तुमच्या तोंडात आत्ता जो लाडू आहे, त्याचं पुढे काय होणार याचा विचार केलात? तोंड म्हणजे मिरकरवाडा!"

सगळ्या माना गर्रकन सरांकडे वळल्या. विहीणबाईंनी तर दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! ह्ये काय आनि!"

सर सुटले. लाळेच्या गाठींच्या तिन्ही जोड्या सांगून झाल्या. कैरी आणि मिठाचं नाव काढून त्यांनी अख्ख्या मांडवाच्या तोंडाला पाणी आणलं. "सुटलं की नाही? कुठाय कैरी? कैरी नाही, नुसतं नाव! केवढी श्रीमंती आहे ही!" पलीकडे पुरुषांच्या पंगतीतला वऱ्हाडातला एक मामा हसता हसता पाटावरून कलंडला. नवरामुलगा नंदाकडे बघत होता आणि नंदा जमिनीकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "व्याही जरा सैलच दिसतायत." हे सरांना ऐकू गेलं, मला दिसलं. ते आणखी मोठ्याने बोलू लागले. लाडू अन्ननलिकेतून घसरला, रांजणात पडला, लहान आतड्याशी पोचला.

मी मान खाली घालून उभा होतो. काकींना दिलेला शब्द गेला होता. काकींकडे बघायचं धाडस होत नव्हतं. तरी बघितलं.

काकींकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मनगट सुटलं होतं. त्या सावकाश, घोट घोट, सोलकढी पीत होत्या. त्यांनी रिकामं भांडं खाली ठेवलं आणि पदराने ओठ टिपले.

"...आणि लहान आतड्यात यकृताकडून..." एवढं बोलून सर थांबले. "असो. सावकाश जेवा." आणि बाकावरून उतरले.

मोठ्या आतड्यापर्यंत न जाता सर थांबलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मग पंगतीत रवंथाची चढाओढच लागली. जो तो डोळे मिटून चावू लागला, एकमेकांना कोपर मारून "आली का गोडी?" विचारू लागला. दुसऱ्या पंगतीचे लोक मांडवाबाहेर भुकेने पाय आपटत होते, पण इथे कुणालाच घाई नव्हती. काकी त्यांच्या चालीने, एकेक लहान घास घेत, सगळ्यांच्या बरोबर जेवल्या. "आवो व्याही," विहीणबाई ओरडल्या, "आली बघा गोडी, खरंच आली! पन विहीणबाई, नाव ऱ्हायलं!"

काकींनी पदर सावरला.

"कैरी आंबट, आमसूल आंबट, लाडू मात्र गोड झाला,
दिनकररावांच्या भाषणाने माझा घास खाली गेला."

मांडव हसून हसून लोळला. बायकोनेही नवऱ्याला चांगला टोला हाणला म्हणून विहीणबाईंनी काकींच्या पाठीवर थाप मारली. सर तूप वाढता वाढता जागीच थांबले होते. तुपाची धार पानाबाहेर चालली होती.

पाठवणी झाली. काकींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नंदाला घट्ट धरून त्या उभ्या होत्या. विहीणबाईंनीच त्यांच्या कानाशी लागून काहीतरी म्हटलं आणि स्वतःचे डोळे पुसले.

उन्हं कलल्यावर मी मांडवातले पाट गोळा करत होतो. टोकाला सर एकटेच पानावर बसलेले दिसले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी जवळ गेलो आणि बघतच राहिलो. सर भाताचा डोंगर नुसता गिळत होते. घास तोंडात जातोय, तो नाहीसा होतोय, की दुसरा. आमच्या शेतावरच्या गड्यालाही जमलं नसतं.

"सर! चावा की!"

सर दचकले. भरल्या तोंडाने म्हणाले, "गप रे. मी जन्माचा गिळणारा. आमची आई म्हणायची, ह्याला घसा नाही, नळ आहे."

"मग ते गोडी वगैरे?"

"गोडी येते. ते शास्त्र खरंच आहे." त्यांनी आणखी एक घास गिळला. "वीस वर्षं लाळ शिकवत होतो वर्गात. घरात हिचं ताट मागे राहायचं, ही पाणी मागायची. मी म्हणायचो, उन्हाळा आहे. हात धुऊन वह्या तपासायला बसायचो. ही स्वयंपाकघरात एकटी घासाशी झगडत बसायची." मग जरा थांबून म्हणाले, "एकट्याने जेवायला बरं वाटतं का रे माणसाला?"

स्वयंपाकघराच्या दारातून काकी आल्या. दिवसभराच्या कामाने पार दमलेल्या. त्यांनी सरांच्या पानाकडे बघितलं, मग सरांकडे.

"आग लागलीय कुठे?"

सरांनी खिशातली डबी काढून त्यांच्यापुढे धरली. काकींनी आमसुलाचा तुकडा गालात धरला, मी गोळा केलेल्यातला एक पाट ओढून सरांच्या शेजारी टाकला आणि बसल्या.

"जेवा सावकाश," म्हणाल्या. "मी बसल्येय."

सरांनी पुढचा घास तोंडात घातला आणि चावायला सुरुवात केली.